वार आणि चिलखत यांचा हिशेब

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हॉकिन्स नावाचे एक कल्पित गाव, १९८३ सालचा नोव्हेंबर महिना, एका घराचे तळघर आणि त्यात टेबलाभोवती दाटीवाटीने बसलेली चार शाळकरी मुले, असे दृश्य २०१६ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या पहिल्याच भागात आरंभी दिसते. मुलांच्या खेळात डेमोगॉर्गन नामक दैत्य अवतरला आहे, विल नावाच्या मुलाची पाळी आहे, आणि त्याने काय करावे याविषयी मित्रांत दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे असे की अग्निगोल फेकून दैत्याला जाळून टाकावे. पण त्यासाठी फाशावर तेरा किंवा त्याहून अधिक दान पडले पाहिजे, म्हणून दुसरा बजावतो की हा धोका पत्करण्यासारखा नाही, संरक्षणाचा मंत्र म्हणावा हे बरे. विल अग्नी पसंत करतो, फासा घरंगळत जातो आणि दान पडते सातांचे. मालिकेच्या कर्त्यांनी हा प्रसंग पुढच्या भयकथेची नांदी म्हणून योजला आहे आणि बहुतेक प्रेक्षकांनी तो तसाच पाहिला असेल. परंतु हा खेळ जे नेमाने खेळतात, त्यांच्या लेखी त्या चार-दोन वाक्यांत एक जुना आणि अद्याप न मिटलेला प्रश्न येऊन गेला आहे. फासा वीस बाजूंचा, त्यातली आठ दाने अनुकूल, म्हणजे शंभरात चाळीस वेळा यश. एवढ्या भरवशावर वार करावा की ढाल पुढे धरावी, आणि त्याही आधी, ही चाळीसांची मर्यादा ठरवली कोणी व कोणत्या न्यायाने?

त्या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांना त्याची थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण बुद्धिबळाच्या किंवा पत्त्यांच्या सवयीने पाहू गेल्यास तो खेळ आहे हेच प्रथम ध्यानात येत नाही. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि पट असलाच तर सोयीपुरता. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक डंजन मास्टर, म्हणजे आपल्याकडच्या शब्दांत सूत्रधार, हा एक अद्भुत जग उभे करतो, त्यातल्या शत्रूंची, वाटसरूंची आणि राजेलोकांची भूमिका वठवतो, आणि नियमांचा अंमलही त्याच्याच हाती असतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात, कोणी चिलखत घातलेला योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी पुरोहित, आणि त्या पात्राच्या वतीने बोलतात व निर्णय घेतात. जिथे फलाची निश्चिती नसेल तिथे फासा टाकायचा. लढाईचा मुख्य नियम आज असा आहे की वार करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकावा, पडलेल्या दानात आपल्या कौशल्याचा अंक मिळवावा, आणि ही बेरीज समोरच्याच्या 'आर्मर क्लास' या अंकाएवढी किंवा त्याहून अधिक झाली तर वार लागला असे समजावे. खेळणारे या अंकाला नुसते 'एसी' म्हणतात. वार लागला की दुसरे फासे टाकून इजा मोजायची आणि ती समोरच्याच्या 'हिट पॉइंट'मधून वजा करायची. ते शून्यावर आले की पात्र कोसळते. विसांचे दान पडल्यास वार लागतोच आणि एकाचे पडल्यास तो चुकतोच, एवढी मेहेरबानी नियमांनी दोन्ही पक्षांवर केलेली आहे.

या अंकाचे मूळ शोधू गेल्यास आपण थेट समुद्रावर जाऊन पोहोचतो. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन या दोघांनी 'चेनमेल' नावाचे एक पुस्तक काढले. ते मध्ययुगीन लढाया छोट्या बाहुल्यांच्या साहाय्याने खेळण्याचे नियम होते, आणि त्यात सामान्य सैनिक एका वारात मरे किंवा साफ वाचे. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन याने 'ब्लॅकमूर' या आपल्या कल्पित प्रदेशात हे नियम लावून पाहिले, तेव्हा प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच पात्र होते, त्या पात्रावर त्याचा जीव जडलेला होता, आणि एका दानासरशी ते मेलेले त्याला खपेना. आर्नेसनने पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे की खेळाडूंना राक्षस एका घावात मारता आला तर त्याविषयी कोणाची तक्रार नव्हती, राक्षसाने मात्र आपल्याला एका घावात मारू नये अशी सर्वांची इच्छा होती. तेव्हा त्याने अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी जहाजांच्या खेळासाठी पूर्वी रचलेले आपले नियम काढले आणि त्यातले चिलखताची प्रत व हिट पॉइंट हे दोन्ही अंक उचलून माणसांना लावले. जहाजाच्या पत्र्याची जी प्रत, तीच योद्ध्याच्या अंगावरील लोखंडाची. मला या हकीकतीत विशेष वाटते ते हे की संरक्षणाचा सारा विचार खेळाडूच्या मायेतून सुरू झाला. रणनीतीच्या शास्त्राशी त्याचा संबंध पुढे आला, आणि तोही बेताचाच.

१९७४ साली गायगॅक्स व आर्नेसन यांच्या नावाने मूळ खेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा हा अंक उलटा चालत असे. जहाजाच्या बाबतीत पहिल्या प्रतीचे चिलखत हे दुसऱ्या प्रतीपेक्षा सरस, त्याच शिरस्त्याने अंगावर काहीच नसलेल्या माणसाचा अंक ९, कातडी कवचाचा ७, कड्यांच्या चिलखताचा ५, आणि पोलादी पत्र्याचे चिलखत व ढाल दोन्ही असतील तर २. नवख्या माणसाला ९ अंकाच्या शत्रूवर वार लावायला दहा किंवा अधिक दान लागे आणि २ अंकाच्या शत्रूवर सतरा किंवा अधिक. म्हणजे उघड्या माणसाला शंभरात पंचावन्न वार लागत, आणि पूर्ण बंदोबस्त केलेल्याला वीस. पुढे जादूची चिलखते आली आणि अंक शून्याच्या खाली उतरले, उणे तीन, उणे पाच, अशी मजल गेली, कोष्टके लांबली, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'थॅको' नावाचा एक अंक अधिकृत झाला, ज्यातून शत्रूचा अंक वजा केला की आवश्यक दान मिळे, आणि उणे अंक वजा करायचा म्हणजे मिळवायचा हे शाळेतले बीजगणित दर वाराला आठवावे लागे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हा सगळा व्यवहार सरळ करून टाकला: अंक दहापासून वर चढू लागला, आणि मोठा अंक तो चांगला, ही गोष्ट लहान मुलालाही सांगता येऊ लागली. जुन्या पद्धतीचे अभिमानी आजही आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल आदर बाळगूनही, ती पद्धत गेली हे बरे झाले असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू, कारण सामान्य बुद्धीची इथे हटकून फसगत होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला गॉब्लिन हा क्षुद्र शत्रू घ्या. तो दानात चार मिळवतो, आणि त्याचा वार लागला तर सहा बाजूंच्या फाशाचे दान अधिक दोन इतकी, म्हणजे सरासरी साडेपाच इजा होते. समोर पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरचा योद्धा आहे. त्याच्या अंगात कड्यांचे चिलखत, हातात ढाल, एसी १८, हिट पॉइंट १२. गॉब्लिनला चौदा किंवा अधिक दान हवे. शंभरात पस्तीस वार लागतील. योद्ध्याच्या मागे जादूगार उभा आहे. अंगात सुती झगा, एसी १२, हिट पॉइंट ७. त्याच्यावर गॉब्लिनला आठ पुरतात. शंभरात पासष्ट वार लागतील. सरासरीने पाहिल्यास योद्धा गॉब्लिनचे सहा वार सोसून उभा राहील आणि जादूगार दोन. शिवाय लागलेल्या वारांपैकी तीनात एक असा असेल की ज्याने जादूगार पहिल्या घावातच कोसळेल, आणि योद्ध्याच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य आहे. चिलखताच्या सहा अंकांनी आणि पाच हिट पॉइंटांनी दोघांच्या आयुर्मानात तिपटीचे अंतर पाडले.

एसीचा एक अंक म्हणजे शंभरात पाच, हे नवशिक्यालाही ठाऊक असते. त्यावरून तो असा निष्कर्ष काढतो की प्रत्येक अंकाचे मोल सारखेच. पण बारा एसी असलेल्या पात्राने तेरावा अंक मिळवला तर पासष्टांचे साठ होतात, म्हणजे त्याला लागणाऱ्या वारांपैकी तेरावा हिस्सा कमी झाला. बावीस एसी असलेल्याने तेविसावा मिळवला तर पंधरांचे दहा होतात, म्हणजे एक तृतीयांश वार कमी झाले. आणि तेविसाचे चोवीस केले तर दहांचे पाच, म्हणजे वार निम्म्यावर आले. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ आहे त्याला पुढचा अंक अधिक फळतो. मग चोवीसाच्या पुढे एकाएकी भिंत लागते: विसांचे दान नेहमी लागायचेच असल्यामुळे पंचविसावा, सव्विसावा अंक गॉब्लिनच्या बाबतीत कवडीमोलाचा ठरतो. या चढत्या नफ्याची चाहूल ज्या खेळाडूला लागली तो मग दुसरे काही मिळवीतच नाही. तो पंधराशे सुवर्णमुद्रा साठवून पोलादी चिलखत विकत घेतो, ढाल सोडत नाही, जादूच्या अंगठ्या गोळा करतो, आणि ऐन वेळी एसी पाचांनी वाढवणारा 'शील्ड' हा मंत्र कुठून तरी शिकून येतो. त्याचे पाहून दुसरे शिकतातच असे नाही. चोराला चपळाई हवी असते, जादूगाराला चिलखत वापरण्याची मुभा बहुधा नसते.

सूत्रधाराची खरी पंचाईत इथे सुरू होते. समजा, चौघांची टोळी आहे: योद्ध्याचा एसी २१, पुरोहिताचा १८, चोराचा १५ आणि जादूगाराचा १२. नेहमीचे शत्रू योद्ध्याला शिवतही नाहीत, त्यामुळे लढाई फिकी पडते. सूत्रधार मनाशी तजवीज करतो की पुढच्या वेळी शत्रू असे आणावेत की ज्यांचे निम्मे वार तरी या पोलादी महाशयांना लागतील. म्हणजे दानात दहा मिळवणारे. योद्ध्याला आता शंभरात पन्नास वार लागतात, मनासारखे झाले. पण तेच शत्रू पुरोहिताकडे वळले की पासष्ट, चोराकडे वळले की ऐंशी आणि जादूगाराकडे वळले की पंचाण्णव. एका पात्राच्या संरक्षणाला उत्तर द्यायला निघालेल्या सूत्रधाराने त्या पात्रापेक्षा बाकीच्यांचाच फडशा पाडला. आणि योद्ध्याच्या मनात काय येते? त्याने एवढा खर्च करून, इतर सुखे सोडून जे मिळवले, ते सूत्रधाराने शत्रूच्या कागदावर एक आकडा खोडून दुसरा लिहिला की नाहीसे झाले. तो पुन्हा चिलखत वाढवील, सूत्रधार पुन्हा आकडा वाढवील, आणि ही चढाओढ बहुधा अशा दिवशी संपते की ज्या दिवशी जादूगाराचा खेळाडू काही निमित्त काढून यायचा बंद होतो.

ही चढाओढ एकेका टेबलावरची असती तर गोष्ट निराळी. ती नियमकर्त्यांनाही चुकलेली नाही. तिसऱ्या आवृत्तीत योद्ध्याचे वार करण्याचे कौशल्य दर लेव्हलला एकाने आपोआप वाढे, एसी मात्र आपोआप वाढत नसे. ती उणीव जादूच्या वस्तूंनी भरून काढायची असे, म्हणून त्या वस्तू मिळणे ही चैन राहिली नाही, तो हक्काचा सरंजाम झाला आणि तो न देणारा सूत्रधार अन्यायी ठरू लागला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हिशेब चोख केला: लेव्हलचा निम्मा अंक वारातही मिळवायचा आणि संरक्षणातही. दोन्ही पारडी बरोबर चढली. पण तराजू सदैव समतोल राहिल्यावर वर चढल्याचे सुख कशात मानायचे? पहिल्या लेव्हलला शंभरात साठ वार लागत होते, विसाव्या लेव्हलला बरोबरीच्या शत्रूवर तेवढेच लागतात. मधल्या काळात आकडे तेवढे फुगले. खेळणाऱ्यांनी तिच्यावर जागच्या जागी धावायला लावल्याचा ठपका ठेवला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. मात्र तिचे एक श्रेय दिलेच पाहिजे की एसीबरोबर शरीराचा चिवटपणा, चपळाई आणि मनोबल या आणखी तीन संरक्षणांना तिने समान दर्जा दिला, आणि ती चारही एकाच रीतीने मोजली.

पाचव्या आवृत्तीचा मार्ग याच्या नेमका विरुद्ध. तिच्या कर्त्यांनी आकड्यांना वेसण घातली. पहिल्या लेव्हलला प्रावीण्याबद्दल दानात दोन मिळवता येतात, सतराव्या लेव्हलला ते सहा होतात. एवढ्या मोठ्या प्रवासात वाढ चारांची. एसी लेव्हलबरोबर वाढतच नाही. पुस्तकातला सर्वांत भीषण प्राणी टॅरास्क, त्याचा एसी २५. प्रौढ लाल ड्रॅगनचा १९, म्हणजे पोलादी चिलखत घातलेल्या माणसाहून एकानेच अधिक. याचा परिणाम असा की विसाव्या लेव्हलच्या, २० एसीच्या सरदारावरही आठ गॉब्लिन एकदम तुटून पडले तर सरासरीने दोघांचे वार लागतातच. त्याच्या शे-दोनशे हिट पॉइंटांतून अकरा गेले तर तो डगमगत नाही हे खरे, पण ऐंशी गॉब्लिन आले तर त्याने पळ काढावा हे शहाणपणाचे. तिसऱ्या आवृत्तीत अशा सरदाराला ते विसांच्या दानाखेरीज स्पर्शही करू शकले नसते. मला ही व्यवस्था अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात जुने शत्रू निकामी होत नाहीत, सूत्रधाराला आकडे फुगवावे लागत नाहीत, आणि चिलखत विकत घेतले ते कायमचे घेतले, अशी खेळाडूची खातरी राहते. तिचा दोषही याच गुणातून निघतो: सगळेच आकडे एका अरुंद पट्टीत कोंडलेले असल्यामुळे ज्याने त्या पट्टीबाहेर दोन-तीन अंकांनी डोके काढले तो लगेच अजिंक्य दिसू लागतो, आणि वर सांगितलेला चोवीस एसीचा गृहस्थ याच आवृत्तीची संतती आहे.

मग त्याचे करावे काय? काहीच करू नये, असे सांगण्याचा मोह होतो, आणि अर्धे उत्तर तेच आहे. ज्याने संरक्षणात सर्वस्व ओतले त्याला त्याचे फळ दिसू द्यावे. दहा शत्रूंनी वार करावेत, नऊ वार ढालीवर आदळावेत, आणि सूत्रधाराने त्या आदळण्याचे वर्णन मन लावून करावे. उरलेले अर्धे उत्तर असे की या खेळात शरीराकडे येण्याचे दरवाजे अनेक आहेत आणि चिलखत त्यातल्या एकावरच पहारा देते. ड्रॅगन तोंडातून ज्वाला सोडतो तेव्हा एसी विचारातच घेतला जात नाही. तिथे ज्याच्यावर संकट आले त्याने स्वतःच फासा टाकून सुटका करून घ्यायची असते, याला 'सेव्हिंग थ्रो' म्हणतात. १९७४ च्या नियमांतही विष, जादूच्या कांड्या, शिळा होणे, ड्रॅगनचा श्वास आणि मंत्र यांसाठी सुटकेचे निरनिराळे अंक होते. समजा, शत्रूच्या जादूगाराने अग्निगोल फेकला आणि चपळाईने पंधरा गाठले तर निम्म्या इजेवर सुटका आहे. पोलादाच्या भरवशावर चपळाईकडे दुर्लक्ष केलेल्या योद्ध्याला दानात काहीच मिळवता येत नाही. शंभरात तीस वेळा तो सुटेल. ज्या चोराला सगळे कच्चा समजत होते तो दानात सात मिळवतो आणि शंभरात पासष्ट वेळा सुटतो, आणि सातव्या किंवा त्यापुढच्या लेव्हलचा असेल तर सुटल्यावर त्याला निम्मी इजाही होत नाही. भूल घालणारा मंत्र आला तर पुरोहिताचे मनोबल कामी येते. क्रम पार पालटतो, आणि टेबलावरच्या प्रत्येकाला कधी ना कधी आपल्या निवडीचे मोल समजते.

चिलखताची घमेंड उतरवण्याचा एक रांगडा इलाजही गायगॅक्सने फार पूर्वीच करून ठेवला होता. 'रस्ट मॉन्स्टर' नावाचा एक प्राणी त्याने निर्माण केला, जो लोखंडाला नुसत्या मिशा लावतो आणि ते गंजून खाली पडते. याचे रूप त्याने हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांतल्या एका चमत्कारिक बाहुलीवरून घेतले होते. एरवी ड्रॅगनपुढे न डगमगणारे वीर या मांजराएवढ्या धाकाच्या जनावरापुढे कसे सैरावैरा पळतात हे एकदा पाहण्याजोगे आहे. परंतु हा इलाज वर्षातून एकदा करावा. दर आठवड्याला गंज चढू लागला तर तो सूत्रधाराचा सूड ठरतो, आणि खेळाडूंना तो तत्काळ ओळखू येतो.

या सगळ्या विवेचनात एक मूलभूत शंका बाजूला राहिली आहे. चिलखताने वार चुकतो, की वार लागून त्याची धार बोथट होते? प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने शिवाजीमहाराजांवर कट्यार चालवली तेव्हा ती चुकली नाही. ती लागली, आणि अंगरख्याखालच्या चिलखताने ती अडवली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या दोन्ही गोष्टी एकाच अंकात कोंबतो, आणि चपळ चोराचे निसटणे व जड योद्ध्याचे सोसणे यांत त्याच्या लेखी फरक नाही. हे ज्यांना पटले नाही त्यांनी लवकरच वेगळे घरटे केले. १९७५ मध्ये केन सेंट आंद्रे यांच्या 'टनल्स अँड ट्रोल्स'मध्ये चिलखत इजेतून वजा होऊ लागले; १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने वार लागणे, तो ढालीवर घेणे, तो शरीराच्या कोणत्या भागावर पडला आणि त्या भागावरच्या कवचाने त्यातला किती शोषला, अशी चौकशीची चार-चार कलमे लावली. १९८६ च्या स्टीव्ह जॅक्सनकृत 'गर्प्स'मध्ये ज्याच्यावर वार येतो त्यालाही फासे टाकून बगल देता येते किंवा शस्त्राने वार अडवता येतो, आणि तिथे एकाऐवजी सहा बाजूंचे तीन फासे टाकत असल्याने हिशेबच निराळा होतो: बगल देण्याचे कौशल्य दहावरून अकरावर गेले तर यश शंभरात पन्नासावरून साडेबासष्टांवर चढते, पण चौदावरून पंधरावर गेले तर जेमतेम पाचांनी. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर जो चढता नफा दिसला तो इथे बराच आवरला जातो. २०१९ च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीने आणखी एक युक्ती केली. बेरीज एसीपेक्षा दहाने अधिक झाली तर इजा दुप्पट, त्यामुळे एसीचा प्रत्येक अंक वारांची संख्याही घटवतो आणि भयंकर वारांचीही. आणि ख्रिस मॅकडॉवल यांच्या 'इनटू दि ऑड'मध्ये वार लागतो की नाही याचा फासाच नाही. तो लागतोच, चिलखत वजा करून उरेल ती इजा. वास्तवाच्या दृष्टीने 'रूनक्वेस्ट' सरस आहे यात मला शंका नाही. पण सहा शत्रूंची एक झटापट खेळायला जिथे अख्खी संध्याकाळ जाते तिथे वास्तवाची किंमत फार पडते, आणि एकाच अंकाचा तो ढोबळ, अशास्त्रीय नियम पन्नास वर्षे टिकला याचे कारण त्याच्या वेगात आहे.

शत्रूच्या बाजूनेही हाच प्रश्न उभा राहतो, आणि तिकडे सूत्रधारांचे लक्ष कमी जाते. शत्रू चिवट करायचा तर दोन उपाय: त्याचा एसी वाढवा किंवा त्याचे हिट पॉइंट वाढवा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ओगर हा धिप्पाड राक्षस पाहा. एसी अवघा ११, हिट पॉइंट ५९. दानात पाच मिळवणाऱ्या खेळाडूंचे त्याच्यावर शंभरात पंचाहत्तर वार लागतात. आता १७ एसीचा दुसरा शत्रू कल्पा. त्याच्यावर पंचेचाळीस लागतील. या दुसऱ्याला ३५ हिट पॉइंट दिले तर तलवारींच्या वारांनी दोघेही साधारण सारख्याच वेळात पडतील. कागदावर दोघे सारखे, टेबलावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ओगरशी लढताना खेळाडूंचे वार लागत राहतात, रक्त सांडते, राक्षस डोलतो, आणि सगळ्यांना वाटते की आपण काही करतो आहोत. दुसऱ्याशी लढताना पाळीमागून पाळी 'चुकला', 'चुकला' एवढेच ऐकू येते आणि एकेक जण मोबाइल काढून बसतो. शिवाय तलवारीपुरते खरे असलेले हे सारखेपण आगीपुढे टिकत नाही. अग्निगोलाची सरासरी इजा २८. ओगरचे निम्मे आयुष्य त्यात जाते, पण त्या ३५ वाल्याचे बहुतेक सगळेच. म्हणजे एसी वाढवून घडवलेला शत्रू योद्ध्याला निराश करतो आणि जादूगाराला आयता हातात सापडतो. ओगरला लठ्ठ आणि मऊ ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट जाणूनच केली असावी.

पुण्या-मुंबईतही आता शनिवार-रविवारी अशी टेबले मांडली जातात आणि महाविद्यालयीन मुले-मुली आळीपाळीने सूत्रधार होतात. त्यांना एवढीच विनंती आहे. पुढची लढाई रचण्यापूर्वी आपल्या टोळीतील प्रत्येकाचा एसी एका कागदावर लिहावा, त्याशेजारी चपळाई, चिवटपणा आणि मनोबल यांच्या सुटकेचे अंक लिहावेत, आणि योजलेल्या शत्रूला प्रत्येकावर किती दान लागेल ते वजाबाकीने काढावे. दहा मिनिटांचे काम आहे. कोणाच्या पुढे दोन आणि कोणाच्या पुढे वीस येत असेल तर शत्रूचा आकडा वाढवण्याच्या भरीस न पडता त्यांतला एक शत्रू बदलावा, तलवारवाल्याच्या जागी मंत्रवाला आणावा, किंवा बलाढ्य एकाऐवजी दुबळे सहा आणावेत. आणि एवढे करूनही तो पोलादी योद्धा ओरखडा न उठता परतला तर त्या रात्री त्याला तसाच परतू द्यावा.